परदेशी विद्यापीठासोबत जबाबदार एआयवर संशोधन: पहिल्या ईमेलपासून पहिल्या हप्त्यापर्यंत

तुम्ही महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठात किंवा संलग्न महाविद्यालयात शिकवता. एआय, सेन्सर, आरोग्याचं डिजिटल तंत्रज्ञान यांचा आपल्या भागातल्या माणसांवर काय परिणाम होतो, यावर परदेशी विद्यापीठाबरोबर संशोधन करायची इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करायची, कोणाची सही लागते, पैसा कोणत्या खात्यात येतो, हे सांगणारं जवळ कोणी नाही. असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या सगळ्या टेबलांवरून माझी फाइल फिरली आहे. तुमची कमी फिरावी, एवढ्यासाठी लिहिते आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगते. अशा भागीदारीत आपल्या बाजूकडून बहुतेक वेळा माहिती जाते आणि निर्णय तिकडे होतात. हे कोणी मुद्दाम करतंच असं नाही. पहिल्या दोन-तीन कागदांवर आपण काहीच लिहीत नाही, म्हणून ते तसं होतं. पुढच्या पायऱ्या वाचताना हे ध्यानात ठेवा.

उदाहरण म्हणून एकच प्रकल्प धरू: मधुमेह असलेल्यांच्या डोळ्याच्या पडद्याचे फोटो ग्रामीण रुग्णालयात काढायचे आणि एआयने आजाराची शक्यता सांगायची.

## १. आधी प्रश्न लिहा, भागीदार नंतर शोधा

‘आम्हाला आपल्याबरोबर एआय क्षेत्रात सहकार्य करायला आवडेल’ अशा ईमेलला उत्तर येत नाही. एका पानात मावेल असा नेमका प्रश्न लिहा, आणि तो तुमच्या जागेवरूनच दिसेल असा असू द्या.

याचं महत्त्व थायलंडच्या अनुभवातून कळतं. गूगलच्या संशोधकांनी डोळ्यांच्या तपासणीचं एआय तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिलं आणि २०२० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत हे मॉडेल उत्तम चाललं होतं. दवाखान्यात पुरेसा अंधार असलेली खोली नव्हती, फोटो धूसर यायचे. सुरुवातीच्या १,८३८ फोटोंपैकी सुमारे २१ टक्के फोटो यंत्रणेने तपासायलाच नकार दिला. नकार आला की रुग्णाला दुसऱ्या दवाखान्यात जावं लागणार, त्याचा दिवस मोडणार. म्हणून काही परिचारिका रुग्णांना या तपासणीत भाग घेऊ नका असंच सांगू लागल्या.

आता आपला प्रश्न बघा. ‘एआय रेटिनाचा आजार किती अचूक ओळखतं’ हा प्रश्न जगात कुठेही बसून सोडवता येतो. ‘तालुक्याच्या रुग्णालयातून जिल्ह्याला पाठवलेला रुग्ण, ज्याचा रोज बुडणार आहे, तो प्रत्यक्षात तिथे पोचतो का, आणि एआयच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे ही फेरी फुकट जाणाऱ्यांचं काय’ हा प्रश्न तुमच्याशिवाय कोणी सोडवू शकत नाही. असा प्रश्न हातात असला की तुम्ही बोलणीला बरोबरीने बसता.

## २. भागीदार आणि पैशाची वाट

विद्यापीठाच्या नावापेक्षा माणूस बघा. त्याचे गेल्या काही वर्षांतले शोधनिबंध काढा आणि लेखकांची यादी वाचा. आफ्रिका, दक्षिण आशिया, लॅटिन अमेरिका इथली माहिती वापरलेल्या निबंधांत तिथले संशोधक पहिल्या किंवा शेवटच्या जागी आहेत का? की फक्त आभारात? बाकी कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा ही यादी जास्त सांगते.

निधीच्या ओळखीच्या वाटा अशा:

- स्पार्क (२०१८ पासून) आणि ग्यान (२०१५ पासून): दोन्ही केंद्र सरकारच्या. स्पार्क संयुक्त संशोधनासाठी, ग्यान परदेशी प्राध्यापकाला इथे शिकवायला बोलावण्यासाठी.
- इरास्मस प्लस (युरोपीय संघाचा शिक्षणासाठीचा निधी): विद्यार्थी-शिक्षक देवाणघेवाणीच्या योजनेत अर्ज युरोपीय बाजूच्या संस्थेने करायचा असतो. तुम्ही थेट अर्ज करू शकत नाही.
- होरायझन युरोप (युरोपीय संघाचा संशोधन निधी, २०२१ ते २०२७): भारतीय संस्थेला त्यातून निधी आपोआप मिळत नाही. बरेचदा आपला खर्च आपणच उभा करून सहभागी व्हावं लागतं. त्यातल्या मारी क्युरी पाठ्यवृत्त्या मात्र कुठल्याही देशाच्या संशोधकाला खुल्या आहेत.
- फुलब्राइट-नेहरू (अमेरिका), डाड (जर्मनी), शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूट: एकेका व्यक्तीच्या भेटीपासून सुरुवात करायची असेल तर हे बरे.

नवख्या माणसाने सुरुवात व्यक्तीच्या पाठ्यवृत्तीपासून करावी, असं मला वाटतं. काही महिने एकत्र काम केलं की माणूस कळतो, मोठा अर्ज मग लिहावा.

एक सापळा: संशोधनाच्या करारातच ‘संयुक्त पदवी’ घालायचा मोह. त्याला यूजीसीचे २०२२ चे स्वतंत्र नियम लागतात, त्यात नॅक किंवा एनआयआरएफच्या अटी आहेत. तो विषय वेगळा ठेवा, नाहीतर दोन्ही अडकतात.

## ३. सही कोण करणार, हे पहिल्या आठवड्यात विचारा

प्राध्यापक म्हणून तुम्ही संस्थेच्या वतीने करार करू शकत नाही. विभागप्रमुखही नाही. विद्यापीठात सही साधारण कुलसचिव करतात, आणि त्याआधी प्रस्ताव व्यवस्थापन परिषदेसमोर जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालणाऱ्या विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य विभाग असतो. पहिला फोन तिथे करा.

संलग्न महाविद्यालयात गुंता जास्त. महाविद्यालय चालवणारी संस्था नोंदणीकृत असते, महाविद्यालयाला बहुतेक वेळा स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं. प्राचार्यांनी सही केली, पण पॅन, बँक खातं आणि नोंदणी सगळं संस्थेच्या नावावर, असं झालं की परदेशी विद्यापीठाचा कायदा विभाग कागद परत पाठवतो. करारावरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरशः एक असलं पाहिजे. ‘मंडळ’ आणि ‘मंडळी’ एवढ्या फरकानेही पैसे अडतात.

बैठकांच्या तारखा आधी काढा. व्यवस्थापन परिषदेची बैठक आठवड्यापूर्वीच होऊन गेली असेल, तर तुमचा प्रस्ताव पुढच्या बैठकीपर्यंत थांबणार, आणि अर्जाची मुदत तुमच्यासाठी थांबणार नाही.

## ४. सामंजस्य करारावर थांबू नका

सामंजस्य करार, म्हणजे आपण एमओयू म्हणतो तो, बहुतेक वेळा बंधनकारक नसतो. ‘दोन्ही संस्था परस्परहिताच्या क्षेत्रांत सहकार्य करतील’ एवढंच त्यात असतं. खरा करार म्हणजे प्रकल्प करार, आणि त्याच्या जोडीला माहिती वापराचा करार. तिकडून तयार मसुदा येतो, आणि आपल्याकडे तो ‘त्यांचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे’ म्हणून तसाच पुढे जातो. असं करू नका. मसुदा आला म्हणजे बोलणी सुरू झाली.

एका मसुद्यात माझ्यासमोर असं वाक्य आलं होतं: प्रकल्पात गोळा झालेली सर्व माहिती परदेशी विद्यापीठाच्या सर्व्हरवर राहील आणि भारतीय संस्थेला ‘वाजवी विनंतीवरून’ ती पाहता येईल. आपल्याच रुग्णांचे फोटो बघायला आपणच विनंती करायची. आम्ही ते वाक्य बदलून मागितलं: मूळ माहिती भारतीय संस्थेकडे राहील, परदेशी संशोधक इथल्या सर्व्हरवर लॉगिन करून काम करतील, आणि प्रकल्पाबाहेरच्या वापरासाठी दर वेळी नवी लेखी परवानगी लागेल. त्यांनी ते मान्य केलं. मागितलं नसतं तर मूळ वाक्यच कायम राहिलं असतं.

करारात या गोष्टी शब्दांत लिहून घ्या:

माहिती. कोणाच्या ताब्यात, किती वर्षं, प्रकल्प संपल्यावर काय. त्यावर शिकवलेलं मॉडेल कोणाचं, हे वेगळं लिहा. माहिती पुसली तरी मॉडेल राहतं, आणि बहुतेक करार यावर गप्प असतात.

थांबवण्याचा अधिकार. एआय एखाद्या गटात, समजा मोतीबिंदू असलेल्या वृद्धांमध्ये, वारंवार चुकतंय असं दिसलं तर वापर थांबवायचा निर्णय कोण घेणार? इथल्या प्रमुख संशोधकाला तो एकट्याने घेता आला पाहिजे. मंजुरीसाठी दुसऱ्या देशातल्या समितीची वाट बघत बसायची वेळ येऊ नये.

लेखकपद. कोणत्या कामासाठी कोणाचं नाव, हे सुरुवातीला ठरवा. माहितीला लेबल लावणारे (कोणत्या फोटोत आजार दिसतो हे नोंदवणारे), संमती घेणारे, भाषांतर करणारे यांचाही विचार करा. लेबल लावणाऱ्यांचं मानधन बजेटमध्ये स्वतंत्र ओळ म्हणून दाखवा.

जबाबदारी. चुकीच्या निदानातून कोणाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार. विमा लागणार असेल तर तो कोणाच्या बजेटमधून.

बोलणी अडली तर दोन आधार कामी येतात. युनेस्कोची एआयच्या नीतिमत्तेवरची शिफारस नोव्हेंबर २०२१ मध्ये १९३ सदस्यदेशांनी स्वीकारली आहे, म्हणजे तुमच्या आणि त्यांच्या सरकारने बहुधा दोघांनीही. दुसरा आधार ‘ट्रस्ट’ आचारसंहितेचा. ती २०१८ ची आहे आणि आपल्या देशात परवानगी मिळणार नाही असं संशोधन गरीब देशांत नेण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध तयार झाली आहे. युरोपीय भागीदाराला ही नावं माहीत असतात, त्यामुळे चर्चा व्यक्तिगत होत नाही.

## ५. नीतिमत्ता समिती आणि एचएमएससी

माणसांची आरोग्यविषयक माहिती असेल तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची मान्यता लागते. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात अशी समिती नसली, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या नोंदणीकृत समितीशी लेखी व्यवस्था करा. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यातल्या एआयसाठी वेगळी तत्त्वं काढली. अर्जात त्यांचा मुद्देसूद उल्लेख असला की समितीचे निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

परदेशी भागीदार किंवा परदेशी पैसा असलेल्या वैद्यकीय संशोधनाला आणखी एक पायरी आहे: आरोग्य मंत्रालयाची स्क्रीनिंग कमिटी, म्हणजे एचएमएससी. तिचं कामकाज आयसीएमआरमार्फत चालतं. ही मंजुरी येईपर्यंत एकही फोटो काढायचा नाही. ‘आम्ही फक्त कॉम्प्युटरवाले, रुग्णाला हात लावत नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. वेळापत्रकात या पायरीसाठी काही महिने मोकळे ठेवा आणि भागीदाराला पहिल्याच बैठकीत सांगा, कारण तिकडे असं काही असतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता संमतीपत्र. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

इंग्रजी नमुना मशीनकडून मराठीत आणला की असं वाक्य मिळतं: ‘आपला डेटा संशोधन उद्देशांसाठी अनामिक स्वरूपात प्रक्रिया केला जाईल.’ ओपीडीच्या रांगेत बसलेल्या बाईंना यातलं काय कळणार? त्याऐवजी असं लिहा:

*‘तुमच्या दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढू. फोटोवर तुमचं नाव नसेल, फक्त नंबर असेल. परदेशातले संशोधक हे फोटो आपल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवरच पाहतील, ते बाहेर पाठवणार नाही. कॉम्प्युटर चुकू शकतो, म्हणून डॉक्टरही तुमचे डोळे तपासतील. नको वाटलं तर कधीही सांगा. तुमचे उपचार थांबणार नाहीत.’*

हे आशाताईंकडून किंवा परिचारिकेकडून मोठ्याने वाचून घ्या. मग समोरच्याला विचारा, ‘तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ चार-पाच जणांनी ‘चष्म्याचा नंबर काढणार’ असं सांगितलं, तर पत्र पुन्हा लिहायचं. सही येत नसेल तर अंगठा, आणि शेजारी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. बोलीभाषा बघा. नंदुरबारमध्ये काम असेल तर पुण्याच्या मराठीतलं पत्र पुरणार नाही.

## ६. माहिती देशाबाहेर जाते तेव्हा

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. दोन्हींचा मेळ घालताना या जागी ठेच लागते:

वय. आपल्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल आहे. जीडीपीआरमध्ये ऑनलाइन सेवांच्या संमतीचं वय १६ आहे आणि देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येतं. ज्युनिअर कॉलेजच्या मुलांवर काम असेल तर तिकडचं संमतीपत्र इथे चालणार नाही, पालकांची संमती लागेल.

भाषा. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. मराठी त्यात आहे. भाषांतराचा खर्च बजेटमध्ये मागताना हे कलम दाखवा.

सूट. संशोधनासाठी काही सूट आहे, पण माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल तरच. आपल्या उदाहरणात फोटोवरून रुग्णाला पुढे पाठवायचं की नाही हे ठरतं. तिथे सूट गृहीत धरू नका.

तिकडून इकडे. युरोपीय लोकांची माहिती भारतात आणायची असेल तर भागीदार ठरावीक कलमांचा वेगळा करार पुढे करेल. भारताला युरोपीय संघाने ‘पुरेसं संरक्षण असलेला देश’ असा दर्जा दिलेला नाही, म्हणून तो लागतो. अपमान वाटून घेऊ नका, आयटी विभागाला बसवून सुरक्षेचं परिशिष्ट प्रामाणिकपणे भरा.

युरोपचा एआय कायदाही लक्षात ठेवा. तो १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला आणि त्यातल्या मनाई २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाल्या. शाळा-कॉलेजात चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर तिथे बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. ‘वर्गात मुलं कंटाळलीत का हे कॅमेऱ्याने ओळखू’ अशा कल्पना आपल्याकडे खूप येतात. निव्वळ संशोधनासाठी बनवलेल्या यंत्रणांना त्या कायद्यात सूट आहे, पण जे युरोपीय वर्गात लावता येत नाही ते आपल्या मुलांवर का लावायचं, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. माझ्याकडे ते नाही, म्हणून असे प्रस्ताव मी घेत नाही.

ड्रोन, सांकेतिकीकरण, जैवतंत्रज्ञान यांत काम असेल तर विदेश व्यापार महासंचालनालयाची (डीजीएफटी) स्कोमेट यादी बघा, म्हणजे ज्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आहे अशा वस्तू आणि तंत्रज्ञानाची यादी. सॉफ्टवेअर ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यात ठरू शकते. जैविक नमुने किंवा वनस्पती असतील तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो.

## ७. पैसा येतो तेव्हा

परदेशी विद्यापीठाने दिलेलं अनुदान हा एफसीआरएचा, म्हणजे परदेशी निधीचं नियमन करणाऱ्या कायद्याचा, विषय आहे. कायद्याने स्थापन झालेल्या आणि कॅगचं लेखापरीक्षण सक्तीचं असलेल्या सरकारी संस्थांना सूट आहे, तरी ती आपल्याला आहे हे वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. खासगी संस्थेला नोंदणी किंवा त्या एका अनुदानापुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या काळात उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च दाखवावा लागतो, शिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद.

२०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी बदलल्या, आणि परदेशी भागीदाराला यातली एकही माहीत नसते:

- पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच येऊ शकतात. तिथून स्थानिक खात्यात खर्चासाठी घेता येतात.
- आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. ‘पुण्याच्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि गडचिरोलीच्या संस्थेला वाटायचे’ अशी रचना अर्जात असेल तर ती आत्ताच बदला. दोघांनी वेगवेगळे करार करावेत.
- प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत.

दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ विवरणपत्र भरायचं असतं. ‘कन्सल्टन्सी दाखवू, एफसीआरएची भानगड नको’ असा सल्ला कोणीतरी देईलच. खरोखर सेवा विकत असाल तर गोष्ट वेगळी, संशोधन अनुदानाला ते नाव देऊ नका. हे काम माहीत असलेल्या सीएंना अर्ज लिहितानाच भेटा.

## ८. पाहुणे येतात तेव्हा

संशोधनाला येणाऱ्याने पर्यटक व्हिसावर येऊ नये, आमंत्रणपत्रात कामाचं स्वरूप स्पष्ट लिहा. आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाची मंजुरी आधी घ्या. कॉलेजच्या गेस्ट हाउसवर परदेशी पाहुणे उतरले की २४ तासांत त्यांची माहिती सरकारला ऑनलाइन कळवायची असते (पूर्वीचा ‘फॉर्म-सी’). हे काम कोणाकडे आहे ते गेस्ट हाउसच्या व्यवस्थापकांना आधी विचारा, कारण पाहुणे नेमके शनिवारी रात्री येतात.

## फाइलमध्ये काय काय हवं

सगळं एका फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात तारीख घालून ठेवा.

- प्रश्नाचं एक पान आणि दोन्ही प्रमुख संशोधकांचे बायोडेटा
- संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, सहीचे अधिकार देणारा ठराव
- सामंजस्य करार, प्रकल्प करार, माहिती वापराचा करार
- दोन्ही देशांतल्या एथिक्स कमिट्यांची मान्यता, एचएमएससीची मंजुरी
- संमतीपत्र मराठीत आणि गरज असेल त्या बोलीत, ते वाचून दाखवल्याची नोंद
- माहिती कुठे साठते, कोणाला लॉगिन आहे, याची यादी
- एफसीआरए नोंदणी, पूर्वपरवानगी किंवा सूट असल्याचं लेखी उत्तर
- बजेट, रुपयांत आणि परकीय चलनात, विनिमय दराची तारीख लिहून
- व्हिसा पत्रं, पाहुण्यांची माहिती कळवल्याच्या पावत्या

या फोल्डरची एक प्रत विभागातल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याकडे द्या. बदल्या होतात, प्रमुख संशोधक रजेवर जातात, आणि दवाखान्यातल्या रुग्णाने ‘माझे फोटो काढून टाका’ म्हटलं तर त्याच दिवशी ते करता येणारं कोणीतरी जागेवर असायला हवं.